दुखणं हाडाचं नव्हतं

माझ्या सासूबाई अंजनाबाई गुढियारीतल्या एका सरकारी शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायच्या. लग्न होऊन मी गोंदियाहून रायपूरला आले तेव्हाही त्या तेच करत होत्या, आणि त्याआधीही कित्येक वर्षं. सुरुवातीला शाळेच्या मागच्या पडवीत लाकडाची चूल होती. ओली लाकडं, धूर जायला एवढीशी खिडकी, आणि डोळे पुसत डाळ घोटणाऱ्या दोघी बाया. एक आई, म्हणजे सासूबाई, आणि दुसरी राधिका, धरसींवाकडची छत्तीसगढी बाई. गॅस फार उशिरा आला. पोरं आईंना 'अंजना दाई' म्हणत. छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. कधी बाजारात एखादा मिशा फुटलेला पोट्टा गाडी थांबवून "दाई, पहचाने?" असं विचारायचा. आई त्याला नावानं नाही, खाण्यावरून ओळखायच्या. "तू तोच ना बे, वांगं ताटाखाली लपवणारा?"

दुखणं सुरू झालं ते दिवाळीनंतरच्या थंडीत. आधी पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध. मग उजव्या दंडात. कोणालाच त्याचं नवल वाटलं नाही. भाताचा गंज, म्हणजे ते भलंमोठं पातेलं, केवढा असतो! तो उतरवून उतरवून पाठ दुखणार नाही तर काय होणार? राधिका तेच म्हणाली, शेजारच्या विमलाकाकू तेच म्हणाल्या, माझा नवरा लोकेश तेच म्हणाला. आई स्वतःही तेच सांगायच्या. "गंज उचलून उचलून हाडं झिजले माये. आता काय नवी पाठ आणू?"

चौकातल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळायचं. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एका हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पाठीचा फोटो काढला, वयाप्रमाणे झीज आहे म्हणाले, पट्टा आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. आईंनी पट्टा बांधला, गोळ्या घेतल्या आणि शाळेत गेल्या. राधिका लसूण टाकून गरम केलेलं तेल घेऊन यायची आणि जेवणं आटोपल्यावर त्यांची पाठ चोळायची. चोळल्यानं उलट ठणका वाढायचा, पण तिचं मन मोडायचं नाही म्हणून आई गप्प बसायच्या.

एक गोष्ट विचित्र होती. कामानं दुखणारी पाठ आडवं झालं की निवते. आईंची आडवं झाल्यावर जास्त दुखायची. त्या भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपू लागल्या. ब्लाऊज सैल झाले तेव्हा दोन टाके घालून घेतले आणि म्हणाल्या, "बरं झालं, आपोआप बारीक झाली. लोक पैसे भरून जिमात जाते."

आणि खोकला. आमच्या घरात खोकला म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. बाबा, म्हणजे गुलाबराव, रेल्वेत पटरीच्या गँगमध्ये होते; निवृत्त झाले पण बिडी सुटली नाही. सकाळी उठले की असे खोकायचे की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना कळावं, गुलाबराव उठले. त्यांच्या छातीची काळजी सगळ्यांना. लोकेश ओरडायचा, आई बिडीचं बंडल लपवायच्या, माझी मुलगी मोनाली हिंदीत लेक्चर द्यायची, "आजोबा, फेफड़े काले हो जाएँगे." त्या सगळ्या गलबल्यात आईंचा खोकला बारीक होता, कोरडा, पदर तोंडाला लावून खोकलेला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी ऑफिसात होते. मी एका खाजगी शाळेत फीचं काम पाहते. फोनवर राधिका होती, आणि आवाज असा की मला आधी काही कळेचना. "दीदी के हाथ टूट गे हे. जल्दी आवव."

मी पोचले तेव्हा आई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू कोणी दुसऱ्याचा सांभाळायला दिलाय. चेहरा पांढराफटक. खिडकीतून पोरं डोकावत होती.

"काय झालं आई? पडल्या का?"

"नाई पडली. झाकण उचललं फक्त. कटकन आवाज आला, मले वाटलं लाकूड मोडलं."

लोकेश कामावरून निघाला होता, पण त्याला शहराबाहेरच्या सिलतऱ्याहून यायचं होतं. मी आणि राधिकानं त्यांना ऑटोत घातलं. रस्त्यातला एकेक खड्डा त्यांना हातात कळत होता. तरी त्या राधिकाला म्हणत होत्या, डाळ वाढायची राहिली, तू कशाला आली.

ज्या दवाखान्यात गेलो तिथे डॉक्टर भार्गव होते. तरुण होते, आणि दिवसभराच्या पेशंटांनी दमलेले दिसत होते. हाताचा फोटो आला तोवर लोकेश आणि बाबाही पोचले. डॉक्टर बराच वेळ कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "गिरी थीं?"

"नहीं," मी म्हणाले.

"कुछ भारी उठाया?"

"ढक्कन उठाइस साहब," राधिका म्हणाली. "बस, ढक्कन."

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. मला फोटोतलं काही समजत नाही, पण ते मलाही दिसलं. हाडाची कड पांढरी, ठसठशीत होती, आणि मधे एका जागी ती कडच नव्हती. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं कुरतडलेलं, आत विरळ विरळ. हाड नेमकं तिथेच मोडलं होतं.

"झाकण उचलून हाड मोडत नाही," ते हिंदीत म्हणाले. "हे आधीच पोखरलेलं होतं. आता मला हाताचं सोडून बाकीचं सांगा."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आईंच्या समोर बसले. पाठ दुखते का? कधीपासून? आडवं पडल्यावर वाढतं का? झोपेतून जाग येते का? वजन उतरलं? भूक कशी आहे? छातीत गाठ लागली का कधी? आई एकेक उत्तर देत होत्या. ही सगळी उत्तरं आमच्या घरात तुकड्या तुकड्यांनी पडलेली होती. ती एका जागी गोळा होताना मी पहिल्यांदा ऐकत होते.

"खाँसी?"

"नहीं," लोकेश आणि मी एकदमच म्हणालो.

"है थोड़ीशी," आई म्हणाल्या.

"कब से?"

"होयेगी दो-तीन महीने से. इनकी खाँसी के सामने मेरी कौन सुनता साहब." बोलताना त्या जराशा हसल्याही. बाबांनी मान खाली घातली.

डॉक्टरांनी नर्सला बोलावलं, पडदा ओढून त्यांना नीट तपासलं, गळा, छाती, पोट. मग छातीचा फोटो काढायला पाठवलं. हात मोडलेल्या बाईच्या छातीचा फोटो कशाला, असं लोकेश पुटपुटला. तो फोटो आला तेव्हा पुटपुटायला काही उरलं नाही. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग होता.

आईंजवळ राधिकाला बसवून डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आले. "हड्डी में जो है, वो हड्डी का नहीं लग रहा," ते म्हणाले. "इस उम्र में ऐसा ज़्यादातर कहीं और से आता है. ब्रेस्ट से, थायरॉइड से, किडनी से, फेफड़े से. मुझे फेफड़ा लग रहा है. टुकड़ा जाँचे बिना पक्का नहीं बोलूँगा."

"पर माँ ने तो ज़िंदगी में बीड़ी नहीं छुई," लोकेश म्हणाला.

"जो नहीं पीते, उनको भी होता है. और कितने लोगों को पहला पता हड्डी के दर्द से ही चलता है. छाती चुप रहती है, हड्डी बोलती है."

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. सीटी स्कॅनच्या बाहेरचे बाक आठवतात, लिफ्टचा वास आठवतो, आणि पाण्याची बाटली भरायला कुठे जायचं ते आठवतं. पाठीच्या मणक्यांमध्येही दोन ठिकाणी तेच निघालं. मणक्यातल्या दुखण्यानं नस दाबली तर पाय जाऊ शकतात, म्हणून डॉक्टर भार्गवांनी मला दोनदा बजावलं, "पायात जडपणा आला, मुंग्या आल्या, लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका, सरळ घेऊन या." मी रोज आईंना पायाची बोटं हलवायला लावायची. त्या वैतागून म्हणायच्या, "हाले ना बाई. नाचून दाखवू का?"

दंडात सळई बसवली. त्याच वेळी हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो फुप्फुसाच्या कॅन्सरचा, हाडात उतरलेला.

लोकेशनं दवाखान्याच्या जिन्यात मला थांबवलं. "आईले नको सांगू. ती खचून जाईन."

"त्यायले कळत नसंन का?"

"कळू दे. पण आपण नाई सांगायचं."

बाबाही त्याच मताचे होते. मग आम्ही सगळे घरात असं बोलू लागलो की जणू कोणी झोपलंय. इन्फेक्शन आहे, हाडात पाणी झालंय, लाईट द्यावी लागेल. रेडिएशनला दवाखान्यात सगळे लाईटच म्हणत. आई ऐकून घ्यायच्या आणि भिंतीकडे बघायच्या.

कॅन्सरच्या डॉक्टर चेतना मॅडमकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा लोकेश आधी आत घुसला, त्यांना काहीतरी सांगायला. पण आई त्याच्या मागोमाग आत आल्या आणि खुर्चीत बसल्या. "मॅडम, ये सब मेरेसे छुपा रहे हैं," त्या म्हणाल्या. "ये मेरा बेटा है. बचपन से झूठ बोलता तो इसके कान लाल होते. देखो अभी. आप बताओ, कैंसर है?"

मॅडमनी लोकेशकडे पाहिलं, मग आईंकडे. "आप कितना जानना चाहती हैं?"

"जितना मेरे अंदर है, उतना."

मॅडमनी सांगितलं. घाई न करता, साध्या हिंदीत. छातीत सुरू झालं, तिथून हाडात गेलं. मुळापासून जाणार नाही. पण दुखणं कमी करता येईल, आणि आजार काही काळ रोखून धरता येईल. किती काळ, ते कोणी सांगू शकत नाही. त्या तुकड्याची आणखी एक तपासणी व्हायची होती. तिच्यात ठरावीक बदल सापडला तर केमोच्या सलाईनऐवजी रोजच्या गोळीवर भागेल. बिडी न ओढणाऱ्या बायकांमध्ये तो बदल बरेचदा सापडतो, असं त्या म्हणाल्या.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मतलब, गंज उठाने से नहीं हुआ?"

"नहीं."

त्या माझ्याकडे वळल्या. "पाह्य बरं दीक्षा. एवढे दिवस बिचाऱ्या गंजाले शिव्या देल्या."

लोकेश बाहेर जाऊन रडला. आई रडल्या नाहीत. घरी आल्यावर त्या पंख्याखाली बसून राहिल्या. मी चहा केला, तो निवला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "आई, मन मोकळं करा, रडा थोडं."

"मी थकली दीक्षा," त्या म्हणाल्या. "रडाले पण जोर लागते."

ती तपासणी आमच्या बाजूनं आली. गोळी सुरू झाली, आणि तिच्या जोडीला दोन आठवडे पाठीवर आणि दंडावर लाईट. रोज सकाळी मी त्यांना ऑटोनं न्यायची, स्कूटरवर धक्के बसतात म्हणून. तोच ऑटोवाला, तेच बाक, तीच माणसं, कोणाचा रुमाल डोक्याला, कोणाच्या नाकात नळी. तिथे कोणी कोणाला 'कसे आहात' विचारत नाही. नंबर किती आला, एवढंच विचारतात. मला ऑफिसातून सुटी मिळेना तेव्हा विमलाकाकू जायच्या, आणि काकूंची सून बाळंत झाली तेव्हा पुन्हा मी. मोनालीच्या परीक्षा त्यातच झाल्या. ती कुठला पेपर देऊन आली हे मी विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आधीच डुलकी लागायची.

बाबांनी बिडी सोडली. कोणी सांगितलं नव्हतं. ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि हात कुठे ठेवावे ते त्यांना कळायचं नाही. एकदा मॅडमसमोर त्यांनी विचारून टाकलं, "मेरे धुएँ से हुआ क्या?"

मॅडम म्हणाल्या, "एक आदमी में किससे हुआ, ये कोई नहीं बता सकता, बाबूजी. चूल्हे का धुआँ भी था. और बिना किसी धुएँ के भी होता है."

त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. पण त्यांनाही खोकला होता, म्हणून मॅडमनी त्यांच्याही छातीची तपासणी करून घ्यायला सांगितली. घरात दोघं, आणि दोघांना सांभाळणारी मी एकटी, असा हिशोब मी मनात करूनही बसले होते. बाबांचा रिपोर्ट आला: जुनी खोकल्याची छाती, बाकी काही नाही. ते कागद घेऊन आईंच्या पलंगाशी उभे राहिले.

"माहा साफ आला, अंजना."

"मंग रडता काहून?" आई म्हणाल्या. "एक तरी साफ पाहिजे ना घरात."

बाबा तिथेच खाली बसले आणि पलंगाच्या कडेवर डोकं टेकून कितीतरी वेळ बसून राहिले. आईंनी डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. मी दार लोटून घेतलं.

गोळीनं काम केलं. पहिल्या महिन्यात तोंडावर पुरळ आलं, नखांच्या कडा चिरल्या, पोट बिघडायचं. आई आरशात बघून म्हणाल्या, "सोळा वर्साची झाली मी परत." दीडेक महिन्यानं पाठीतला ठणका इतका उतरला की त्या एका दुपारी पाय लांब करून सपाट झोपल्या. मी दोनदा जाऊन श्वास पाहून आले. तिसऱ्यांदा गेले तर त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "जिवंत आहो. जा, तूही झोप." लिंबाएवढा डाग पुढच्या फोटोत बोराएवढा झाला होता. हाडं आणखी ठिसूळ होऊ नयेत म्हणूनचं इंजेक्शनही ठरल्या वेळी चालू होतं. दंडाचं हाड सांधलं, पण वजन उचलायची मनाई कायमची.

पावसाळ्यानंतर राधिका त्यांना शाळेत घेऊन गेली. तिच्या जोडीला आता दुसरी बाई होती, रीना. चांगली होती, लाजत होती. तिनं वाटीत डाळ आणून दिली, "दाई, चखकर बताओ ना." औषधानं आईंच्या जिभेची चव गेली होती, मीठ आहे की नाही एवढंही कळत नव्हतं. त्यांनी वाटी संपवली आणि म्हणाल्या, "बरोबर है. ऐसेच बनाना." ऑटोत बसल्यावर मला म्हणाल्या, "आता नाई येत मी इथं."

फेब्रुवारीत आम्ही डोंगरगडला गेलो. तिथल्या टेकडीवर बुद्धाची मोठी मूर्ती आहे. आमच्याकडची माणसं दरवर्षी जातात. आई कधी गेल्या नव्हत्या, शाळेला सुटी नसायची. लोकेशनं वर न्यायला डोली ठरवतो म्हटलं, तर त्यांनी हात झटकला. "इथूनच दिसते ना. तुम्ही जा." बाबा, लोकेश आणि मोनाली पायऱ्या चढू लागले. मी खाली थांबले. खरं सांगायचं तर मलाही चढायचं त्राण नव्हतं.

झाडाखालच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. चहा घेतला. बाजूला एक बाई भाजलेल्या शेंगा विकत होती. आईंनी शेंगा घेतल्या, पण फोडत मीच बसले, त्यांच्या नखांनी फुटत नव्हत्या. मागच्या स्कॅनमध्ये कमरेजवळचा एक डाग जरा मोठा दिसला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, दोन महिन्यांनी पुन्हा पाहू. वाढला तर आणखी तपासणी आणि दुसरं औषध. आई तेव्हा हो म्हणाल्या होत्या. आता अचानक म्हणाल्या, "दुसरी गोळी देईन ना ती मॅडम?"

"देतील आई. आहे म्हणाल्या."

"घेईन मी. पण तू एक कर. तुह्या आईकडं जाऊन ये आठ दिवस. गोंदियाले. मोनालीले ठेव इथं."

"तुमचं कोण करील?"

"हे करतीन. पटरी ठोकली जन्मभर, भात नाई येत का शिजवता?" त्यांनी माझ्या तळहातावरचे दाणे उचलले. "जाय. झोपून ये."

मी हो म्हणाले. वरून मोनालीची हाक ऐकू आली, "आजीऽऽ", पण नक्की कुठून ते कळेना. पायऱ्यांवर माणसंच माणसं होती. आईंनी तरी हात वर केला, डावा, आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग भरून आला असावा, खाली घेतला.

पुढच्या आठवड्यात मी गोंदियाला गेले. पहिले दोन दिवस नुसती झोपले. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला, डाळीत पाणी किती घालायचं ते विचारायला, आणि मागून आईंचा आवाज येत होता, "तिले काहून फोन करता? मी आहो ना इथं, मले विचारा."